वाटेच्या टोकाचे वचन

न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी निकालपत्राची सुरुवात एका वाटेपासून केली आहे. अर्जदार कोण, प्रतिवादी कोण, कुठल्या कलमाखाली वाद उभा राहिला, हे सगळे मागाहून येते. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मॅकगर्ट विरुद्ध ओक्लाहोमा’ या खटल्यात निकाल दिला. त्याचे पहिले वाक्य एवढेच सांगते की अश्रूंच्या वाटेच्या दूरच्या टोकाला एक वचन होते. मूळ इंग्रजीत अवघे बारा शब्द. त्यांची मांडणी अशी की वाचणाऱ्यालाही ती वाट आधी चालावी लागते. टोक येते, वाट येते, अश्रू येतात आणि वाक्य संपता संपता ‘वचन’ हाती लागते. कोणी दिले, कोणाला दिले, पाळले की मोडले, यातले काहीही त्या वाक्यात नाही. पुढची सगळी पाने या तीन प्रश्नांवर खर्ची पडली आहेत.

१८३० साली, अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकिर्दीत, आग्नेय अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींना मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला हलवण्याचा कायदा झाला. ‘ट्रेल ऑफ टिअर्स’, म्हणजे अश्रूंची वाट, हे नाव मुख्यतः चेरोकींच्या १८३८-३९ च्या स्थलांतराला चिकटले. पण चोक्टॉ, चिकासॉ, सेमिनोल आणि मस्कोगी म्हणजेच क्रीक यांच्या नशिबीही तीच पायपीट आली. क्रीकांनी जॉर्जिया-अलाबामातली वडिलोपार्जित भूमी सोडायची, बदल्यात त्यांना पश्चिमेकडे कायमचे घर मिळेल आणि तिथे कुठल्याही राज्याला त्यांच्यावर कायदे लादता येणार नाहीत, असे १८३२ आणि १८३३ च्या करारांत लिहिले गेले. लोचापोका गावचे क्रीक १८३६ मध्ये आजच्या टल्सा शहराच्या जागी पोहोचले, तेव्हा जुन्या गावच्या अग्नीची राख त्यांनी बरोबर आणली होती. एका ओक वृक्षाखाली ती ठेवून त्यांनी नवा अग्नी चेतवला. ते झाड टल्सात अजून उभे आहे.

पहिल्या वाक्याचे कौतुक करताना त्यातली कारागिरीही पाहायला हवी. वचन वाटेच्या टोकाला नव्हते. ते निघण्याआधीच दिले गेले होते. शिवाय १८३२ च्या करारात, ज्याला जायचे त्याने जावे आणि ज्याला राहायचे त्याने राहावे, कोणावर सक्ती नाही, असेही एक कलम होते. अलाबामात राहू पाहणाऱ्यांच्या जमिनी लबाडीने लाटल्या गेल्या, १८३६ मध्ये संघर्ष पेटला आणि मग सैन्याच्या पहाऱ्यात सरसकट हकालपट्टी झाली. म्हणजे वाट सुरू होण्यापूर्वीच एक वचन मोडलेले होते. निकालपत्राचा पहिला परिच्छेद या गुंत्यात शिरत नाही. त्याला एक वाट, एक टोक आणि एक वचन हवे आहे. इतिहासकार यावर नाक मुरडेल. मला ही निवड लेखकाची वाटते आणि ती साधलीही आहे, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्या दुसऱ्या वचनावरच उभा आहे.

खटल्याचा विषय मात्र या प्रस्तावनेला शोभणारा नाही. अर्जदार सेमिनोल जमातीचा सदस्य. ओक्लाहोमा राज्याच्या न्यायालयाने त्याला गंभीर लैंगिक गुन्ह्यांबद्दल दोषी ठरवले होते. १८८५ च्या एका संघीय कायद्यानुसार ‘इंडियन’ प्रदेशात मूलनिवासी व्यक्तीने मोठा गुन्हा केला, तर खटला चालवण्याचा अधिकार राज्याला नसतो, तो संघीय सरकारला असतो. गुन्हा जिथे घडला ती जागा आजही क्रीकांचा राखीव प्रदेश आहे, सबब राज्याला मला शिक्षा देण्याचा अधिकारच नव्हता, असे अर्जदाराचे म्हणणे. हाच प्रश्न आधी दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयापुढे आला होता. पण गोर्सच पूर्वी दहाव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयात होते, म्हणून त्या खटल्यातून ते बाजूला राहिले. उरलेल्या आठांकडून निकाल लागेना, तेव्हा २०१९ मध्ये पुन्हा युक्तिवाद ऐकायचे ठरले. शेवटी मे २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, टेलिफोनवर सुनावणी झालेल्या मॅकगर्ट खटल्याने हा तिढा सुटला, तोही पाच विरुद्ध चार मतांनी. ट्रम्प यांनी नेमलेले गोर्सच आणि त्यांच्या सोबत गिन्सबर्ग, ब्रेयर, सोटोमायोर, केगन ही चार उदारमतवादी मंडळी.

पहिला परिच्छेद हृदयाला हात घालतो, म्हणून पुढेही तोच सूर लागेल असे वाटते. इथे गोर्सच फसवतात. एखाद्या महसुली कारकुनाने चष्मा सावरून कागद मागावा तसा त्यांचा पुढचा आवाज आहे. राखीव प्रदेश मोडीत काढण्याचा अधिकार फक्त अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला. काँग्रेसने तसे केले असेल तर कायदा दाखवा. आढेवेढे नकोत, अंदाज नको, लोकांची समजूत नको. कायदा दाखवा. आणि काँग्रेसला हे कसे लिहायचे ते चांगले ठाऊक होते, हे दाखवण्यासाठी ते तिचीच जुनी वाक्ये समोर ठेवतात. स्मिथ रिव्हरचा राखीव प्रदेश या कायद्याने बंद करण्यात येत आहे. कोलव्हिलचा उत्तर भाग रिकामा करून सरकारी जमिनीत परत घालण्यात येत आहे. पोंका आणि ओटो जमातींच्या राखीव प्रदेशांच्या सीमारेषा रद्द करण्यात येत आहेत. बंद, परत, रद्द. एका मागून एक ही कोरडी क्रियापदे वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली एक जमात उठवली गेली आहे. गोर्सच त्यावर एक शब्द बोलत नाहीत. ते फक्त विचारतात की क्रीकांच्या बाबतीत असे वाक्य कुठे आहे. ते नसतेच.

राज्याचा मुख्य आधार होता जमीनवाटपाचा. १८९३ मध्ये नेमलेल्या डॉज आयोगाने क्रीकांना जमीन सोडायला सांगून पाहिले. कुठल्याही परिस्थितीत जमिनीचा तुकडाही सोडणार नाही, असे त्यांचे उत्तर आयोगाने स्वतःच नोंदवले आहे. मग १९०१ च्या कराराने जमातीची सामायिक जमीन १६०-१६० एकरांच्या तुकड्यांत सदस्यांच्या नावावर झाली. पुढे ती विकली गेली, बहुतेक गोऱ्यांकडे गेली, १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झाले, त्याच जमिनीवर टल्सा वाढले. मग आता राखीव प्रदेश उरला कुठे? गोर्सच यांचे उत्तर मराठी वाचकाला समजावून सांगायला फार कष्ट पडत नाहीत. सातबाऱ्यावरचे नाव बदलले म्हणून गावाची शीव हलत नाही. जमीन कोणाच्या मालकीची आणि हद्द कोणाची हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते स्वतः पश्चिमेकडच्या वसाहतवाल्यांचे उदाहरण देतात. संघीय सरकारने त्यांना जमिनीची मालकी लिहून दिली, म्हणून त्या जमिनीवरचे अमेरिकेचे सार्वभौमत्व संपले असे कोणी म्हणत नाही. राज्याच्या हातातला सर्वांत मोठा पत्ता या उदाहरणाने इतक्या सहज काढून घेतला आहे की तो परिच्छेद पुन्हा वाचावासा वाटतो.

या भागात एक संदर्भ असा येतो की तिथे मी थांबलो. क्रीकांच्या जमिनी नंतर कशा गेल्या हे सांगताना गोर्सच लिहितात की ओक्लाहोमाच्या न्यायालयांनी खोट्या पालकत्वाच्या आणि ‘अक्षम’ ठरवण्याच्या कारवाया चालू दिल्या आणि तेल लागलेल्या जमिनी मूळ मालकांकडून निसटल्या. आधारासाठी ते अँजी डेबो यांच्या ‘अँड स्टिल द वॉटर्स रन’ या १९४० च्या पुस्तकाकडे बोट दाखवतात. डेबो ओक्लाहोमाच्याच. त्यांच्या राज्यातल्या विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने हे पुस्तक छापण्यातून अंग काढून घेतले, कारण त्यात नावानिशी आलेली बडी माणसे तेव्हा हयात होती. शेवटी प्रिन्स्टनने ते छापले. ज्या पुस्तकाला स्वतःच्या राज्यात छपाईची जागा मिळाली नाही, ते ऐंशी वर्षांनी त्याच राज्याविरुद्धच्या निकालात साक्षीला उभे राहते. निकालपत्रातल्या आधाराच्या ओळी बहुतेक वाचक गाळतात. ही गाळू नये.

निकालाच्या शेवटाकडे पहिल्या परिच्छेदाचा आवाज परततो, पण आता त्याला कागदपत्रांचे वजन आले आहे. इथली वाक्ये मुद्दाम आखूड आहेत. वचन दिले होते. काँग्रेसने तो प्रदेश वेळोवेळी लहान केला, जमातीचे अधिकार कधी आवळले, कधी सैल सोडले. पण वचन मागे घेतले नाही. त्यानंतर गोर्सच विरुद्ध बाजूचे म्हणणे तिच्याच तोंडून वदवतात. हो, वचन दिले होते खरे, पण आता ते पाळणे फार महाग पडते, तेव्हा कानाडोळा करू या. या ‘हो’मध्ये सगळी खुबी आहे. एवढा वेळ सभ्यपणे चाललेला युक्तिवाद सोलून त्याचा गाभा काढून दाखवला की तो किती निलाजरा दिसतो, ते त्या एका वाक्यात कळते. त्यावर मूळ इंग्रजीत चार शब्दांचे उत्तर येते, की आम्ही हे नाकारतो. बेकायदा कृत्ये पुरेसा काळ आणि पुरेशा जोमाने केली, म्हणून कायदा बदलत नाही. राज्याने शंभर वर्षे मूलनिवासींवर खटले चालवले, हा त्याच्या अधिकाराचा पुरावा मानला, तर ते कायद्याचे राज्य न राहता बळी तो कान पिळी होईल, असेही त्यांनी आधी एका ठिकाणी म्हटले आहे.

आता सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचे असहमतीचे निकालपत्र शेजारी ठेवून वाचावे. गोर्सच वाटेपासून सुरू करतात, तर रॉबर्ट्स गुन्ह्यापासून. त्यांचे पहिले वाक्य १९९७ सालात आहे. चार वर्षांच्या मुलीवरचा अत्याचार, स्पष्ट शब्दांत. पुढे शिक्षा, १००० वर्षे आणि वर जन्मठेप. मग ते सांगतात की गेल्या शतकभर कोणालाही ठाऊक नसलेला राखीव प्रदेश आज न्यायालयाने शोधून काढला. गोर्सच यांनी तोच गुन्हा ‘तीन गंभीर लैंगिक गुन्हे’ एवढ्यावर मिटवला आहे. दोघांनीही कथेचे पहिले पान आपापल्या सोयीने निवडले आणि वाचकाची नजर कुठे ठेवायची ते तिथेच ठरवले. रॉबर्ट्स यांची भीतीही पोकळ नव्हती. क्रीकांपाठोपाठ इतर जमातींचे दावे आले तर पूर्व ओक्लाहोमातली १.९ कोटी एकर जमीन, तिथले १८ लाख लोक आणि जुन्या शिक्षांचा ढीग, सगळेच हलेल, असा त्यांचा इशारा होता. शिवाय त्यांनी एक अडचणीचा तपशील मांडला. या पाच जमातींकडे मिळून किमान ८००० कृष्णवर्णीय गुलाम होते आणि यादवी युद्धात त्यांनी दक्षिणेच्या बंडखोर राज्यांशी तह केले होते. बहुमताच्या निवेदनात हा धागा पुढे येत नाही. अश्रूंच्या वाटेने गुलामही चालत गेले होते, हे त्या सुंदर पहिल्या वाक्यात मावत नाही.

माझी खरी अस्वस्थता वेगळीच आहे. या निकालाचे सामर्थ्य ज्या वाक्यात आहे, त्याच वाक्यात त्याची मर्यादाही आहे. काँग्रेसला वचन मागे घ्यायचे असेल तर तिने तसे म्हणायला हवे, असे गोर्सच म्हणतात. वचन मोडता येत नाही, असे ते कुठेही म्हणत नाहीत. स्मिथ रिव्हरसारखे एक वाक्य उद्या लिहिले तर हा राखीव प्रदेशही ‘बंद’ होईल. न्यायालयाने सरकारला शब्दाला जागायला लावले ते सरकार गप्प राहिले म्हणून. १९०६ मध्ये तर काँग्रेसने क्रीकांचे सरकार पूर्ण जोमाने चालू राहील असे लिहून ठेवले, आणि त्या ओळीचा गोर्सच पुरेपूर वापर करतात. तेव्हाच्या खासदारांना ही जमात लवकरच विरून जाईल असे वाटत असावे, म्हणून रद्द करण्याचे वाक्य लिहायची तसदी कोणी घेतली नाही. त्या आळसावर शतकानंतर टल्सा शहराची हद्द ठरली.

निकालानंतर काय झाले ते थोडक्यात पुरे. अर्जदार लगेच सुटला नाही. संघीय न्यायालयात त्याच्यावर पुन्हा खटला चालला आणि तिथेही तो दोषी ठरला. ओक्लाहोमाच्या फौजदारी अपील न्यायालयाने हाच न्याय चेरोकी, चोक्टॉ, चिकासॉ आणि सेमिनोल यांनाही लावला. पण २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने, अंतिम झालेल्या जुन्या शिक्षांना मॅकगर्टचा लाभ मिळणार नाही असे ठरवले आणि रॉबर्ट्स यांच्या भीतीतली बरीच हवा निघाली. राज्याने मात्र मॅकगर्टच उलटवा म्हणून अर्जांचा सपाटा लावला. सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही, पण एक शेजारचा प्रश्न घेतला.

तो खटला ‘ओक्लाहोमा विरुद्ध कॅस्ट्रो-ह्युर्टा’. मधल्या काळात गिन्सबर्ग गेल्या होत्या, त्यांच्या जागी एमी कोनी बॅरेट आल्या होत्या. २९ जून २०२२ रोजी पुन्हा पाच विरुद्ध चार, पण पारडे फिरलेले. ब्रेट कॅव्हानॉ यांनी बहुमतासाठी लिहिले की इंडियन प्रदेश हा राज्याचाच भाग आहे आणि मूलनिवासींवर बाहेरच्यांनी केलेल्या गुन्ह्यांचे खटले संघीय सरकारबरोबर राज्यही चालवू शकते. गोर्सच आता असहमतीत. त्यांनी सुरुवात १८३१ पासून केली, जॉर्जियाने परवान्याशिवाय चेरोकींच्या भूमीत राहिल्याबद्दल पकडलेल्या सॅम्युएल वूस्टर या मिशनऱ्यापासून. १८३२ मध्ये सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी, चेरोकींच्या भूमीत जॉर्जियाचा कायदा चालत नाही असा निकाल दिला होता. जिथे हे न्यायालय एकेकाळी ठाम उभे राहिले तिथे आज ते गळून पडले आहे, असे गोर्सच लिहितात; आधीच्या न्यायाधीशांनी एका राज्याच्या सत्तेच्या हावेत सामील व्हायला नकार दिला आणि आजच्यांनी दुसऱ्या राज्याची हाव मान्य केली.

या असहमतीला अनेक भाष्यकारांनी गोर्सच यांचे अधिक धारदार लेखन मानले आहे. धार आहेच. तरीही मला मॅकगर्ट सरस वाटतो. हरलेल्या माणसाला मोठ्याने बोलायची मुभा असते. जिंकणाऱ्याला चार सहकाऱ्यांच्या सह्या सांभाळून लिहावे लागते, एक विशेषण जास्त पडले तर पाचवे मत निसटते. मॅकगर्टमधला राग त्या बंधनामुळे आखूड वाक्यांत मुरला आहे. कॅस्ट्रो-ह्युर्टात तो उतू जातो, आणि उतू गेलेल्या रागाची भाषा कुठल्याही कडव्या असहमतीसारखी होते. ‘शब्द पाहा, समजूत पाहू नका’ ही गोर्सच यांची शिस्त मॅकगर्टच्या आदल्याच महिन्यात बोस्टॉक खटल्यात समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांच्या बाजूने वळली होती, तेव्हाही त्यांच्याच बाजूचे लोक चक्रावले होते. ही शिस्त सोयीपुरती वापरली जाते, असे टीकाकार म्हणतात, आणि इतर निकाल वाचले की त्यात तथ्य नाही असे म्हणवत नाही. या एका खटल्यात मात्र ती अडखळत नाही. जॉय हार्जो या टल्सात जन्मलेल्या मस्कोगी कवयित्री तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रकवी होत्या. निकालानंतर आठवडाभरात त्यांनी त्यावर लेख लिहिला. कायद्याच्या मजकुराला अशी वाचक मिळणे दुर्मीळ.

जुलै २०२५ मध्ये या वाचनाला एक अनपेक्षित जोड मिळाली. वॉशिंग्टनमधून नव्हे, मस्कोगी नेशनच्या स्वतःच्या सर्वोच्च न्यायालयाकडून. क्रीकांकडे गुलाम असलेल्या कृष्णवर्णीयांच्या वंशजांना जमातीने आपल्या १९७९ च्या घटनेनुसार नागरिकत्व नाकारले होते, कारण ते रक्ताने क्रीक नाहीत. त्या न्यायालयाने स्वतःलाच विचारले की इतक्या वर्षांपूर्वी करारात दिलेल्या वचनांनी आपण बांधलेले आहोत का, आणि उत्तर दिले की होय. रक्ताची अट त्यांनी रद्दबातल ठरवली. रॉबर्ट्स यांनी बोट ठेवलेली जागा अशी अखेर जमातीच्याच न्यायालयाने हाताळली. यादवी युद्धानंतरच्या १८६६ च्या करारात ३० सेंट एकराने अर्धा मुलूख विकून उरलेली भूमी क्रीकांचे कायमचे घर ठरली, ते तिसरे कलम. गोर्सच यांनी आधाराला घेतले ते हेच. जमातीतल्या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना क्रीक नागरिकांचे सगळे हक्क मिळतील, हे त्याच्या लगत वर असलेले दुसरे.